साबुदाण्याचे नव्हे, सायकसचे झाड!

गेल्या आठवड्यात तलवाड्याकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, नवीन घराच्या अंगणात लावायला आमच्या यजमानांनी नर्सरीतून एक झाड आणले आहे. नर्सरीवाला म्हणाला, हे हायब्रीड सायकस आहे, दोन जातींचा संकर आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शेजारच्या बाई म्हणतात, हे झाड विषारी असते. तसे विचारले तर नर्सरीवाला म्हणतो, साधे असते विषारी, हायब्रीड नसते. घरात दोन लहान नातवंडे आहेत. झाड लावावे की परत करावे?"

वाचकांना वाटेल, हा प्रश्न बागकामाच्या सदराकडे जायला हवा होता. मला तसे वाटत नाही. हा प्रश्न आरोग्याचाच आहे, आणि त्याचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. सायकस विषारीच आहे. साधे असो की हायब्रीड, त्यात फरक नाही. आणि ज्या अंगणात लहान मुले खेळतात त्या अंगणात ते मोकळे लावू नये.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगतो, याचे कारण पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी याच झाडाबाबत माझ्या हातून एक चूक झाली. ती आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. ताईंच्या पत्रामुळे आज सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट

आमच्या गेवराईत माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा पाच वर्षांचा नातू पुण्याहून आला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास गुरुजी आणि काकू त्याला घेऊन आले. पोराला उलट्या सुरू होत्या. ताप नव्हता, पोट मऊ होते. फराळाचे दिवस, त्यामुळे मी करंजी, चिवडा, बाहेरचे काही खाल्ले का, अशी चौकशी केली. तेव्हा काकूंनी पदराच्या गाठीतून एक बी काढून टेबलावर ठेवली. सुपारीएवढी, जर्द केशरी. म्हणाल्या, "डॉक्टर, अंगणातल्या झाडाच्या बिया पोरांनी दगडाने फोडून खाल्ल्यात म्हणे. देशी बदाम फोडतात तशा."

ते झाड मी रोज येता-जाता पाहत होतो. मीच काय, सगळी गल्ली त्याला 'सागो पाम' म्हणायची. मी हसून म्हणालो, "काकू, ते तर साबुदाण्याचे झाड. साबुदाण्याने कुणाला विषबाधा होते का? फराळ बाधला असेल." उलटीचे औषध दिले, जलसंजीवनी पाजायला सांगितली आणि घरी पाठवले.

रात्री तीन वाजता दार वाजले. पोरगे हातपाय गाळून आजोबांच्या खांद्यावर पडले होते. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, उलटी थांबायचे नाव नाही. सलाइन लावून त्याच गाडीतून त्यांना बीडला पाठवले, सोबत मीही गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बी आणली आहे का?" काकूंच्या पदराला ती अजून होती. त्यांनी ती पाहिली, माहिती काढली आणि लगेच यकृताची तपासणी करायला रक्त पाठवले. यकृताला सूज होती. चार दिवस पोर तिथे राहिले. बरे झाले, ही परमेश्वराची कृपा आणि त्या तरुण डॉक्टरांची तत्परता.

परत येताना काकूंनी मला एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, तुम्हालासुद्धा माहीत नव्हतं का हो?" त्यात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. तो प्रश्न मला आजही टोचतो.

नावाचा घोटाळा

माझी फसगत झाली ती नावामुळे, म्हणून आधी नावाचा उलगडा करतो. आपण उपासाला खातो तो साबुदाणा कुठल्याच ताडामाडापासून होत नाही. तमिळनाडूत सेलमच्या भागात टॅपिओका म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा स्टार्च काढून त्याचे दाणे पाडतात, तो आपला साबुदाणा. खरा सागो ताड वेगळाच. तो इंडोनेशिया, मलेशिया, न्यू गिनीच्या दलदलीत वाढतो आणि त्याच्या खोडातून पीठ काढतात. आणि आपल्या बंगल्यांपुढे, लॉजपुढे, मंगल कार्यालयांपुढे जे दिसते ते तिसरेच, सायकस. ते मूळचे दक्षिण जपानच्या बेटांवरचे. ते ताडही नाही. त्याला फूल येत नाही, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते पाइन-देवदाराच्या जवळचे आहे. त्याच्याही खोडातून पूर्वी लोक पीठ काढत, म्हणून त्याला 'सागो'चे नाव चिकटले. पण विष काढल्याशिवाय ते पीठ कोणी खात नसे. आपल्याकडे नाव पोहोचले, ही अट वाटेतच गळून पडली.

सायकसमध्ये नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नर झाडाच्या मध्यभागी मक्याच्या कणसासारखा उभा शंकू येतो. मादी झाडाच्या डोक्यावर लवदार, पिवळसर, कातरलेल्या पानांचा गड्डा येतो आणि त्यात बिया धरतात. झाड वयात यायला बरीच वर्षे लागतात. म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. दहा-बारा वर्षे झाडाने कुणाला काही केलेले नसते आणि एक दिवस त्यावर केशरी बिया चमकू लागतात. झाड आणले तेव्हा घरात लहान मूल नसते, बिया येतात तेव्हा नातवंडे आलेली असतात!

विष कसे चढते?

या झाडातील मुख्य विषाचे नाव सायकॅसिन. झाडाच्या सर्व भागांत विष असते, बियांत सर्वांत जास्त. सायकॅसिनच्या रेणूला साखरेचा एक तुकडा जोडलेला असतो. आपल्या आतड्यातील जंतू हा साखरेचा तुकडा तोडतात आणि मग खरे विष मोकळे होते. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सायकॅसिन दिले, तेव्हा त्यांना काही झाले नाही. साध्या उंदरांची मात्र यकृते बिघडली आणि पुढे त्यांना कर्करोगाच्या गाठी आल्या. म्हणजे विषाचे कुलूप उघडणारी किल्ली आपल्याच पोटात असते.

माणसाला आधी मळमळ, जोराच्या उलट्या, पोटदुखी, जुलाब, गुंगी असा त्रास होतो. यकृताला झालेली इजा एकदोन दिवसांनीही दिसू शकते. म्हणून 'उलटी थांबली, आता बरे आहे' असे समजून घरी बसणे धोक्याचे. या विषावर उतारा नाही. वेळेवर सलाइन आणि देखरेख हाच उपचार. माणसे बहुधा वाचतात. कुत्र्यांचे तसे नाही. एकदोन बिया चघळूनही कुत्रे दगावू शकते. गाईगुरांनी या वर्गातील झाडांची पाने खाल्ली तर त्यांचे मागचे पाय लुळे पडतात, हे ऑस्ट्रेलियातील पशुपालकांना चांगले ठाऊक आहे.

हायब्रीड म्हणजे निर्विष नव्हे

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सायकसचे संकर होतात, यात खोटे काही नाही. एका जातीच्या नर शंकूतील पराग काढून दुसऱ्या जातीच्या मादी झाडावर टाकले की संकरित बी मिळू शकते. बागेत जवळच्या जाती शेजारी लावल्या तर हे आपोआपही घडू शकते. परदेशात हा मोठा छंद आहे. दक्षिण आफ्रिकेत १८९५ साली या वर्गातील एक दुर्मीळ झाड सापडले. त्या जातीचे एकही मादी झाड आजवर कोणाला सापडलेले नाही. तेव्हा हौशी लोकांनी जवळच्या जातीच्या मादीशी त्याचा संकर केला, आणि त्या संततीचा पुन्हा त्याच नराशी संकर करून मूळ रूपाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न चालवला आहे. छंद म्हणून हे कौतुकाचेच.

पण हे सारे संकर कशासाठी? पान अधिक डौलदार यावे, रंग निळसर यावा, झाड लवकर वाढावे, यासाठी. विष कमी व्हावे यासाठी नव्हे. आई विषारी, बाप विषारी, तर लेकरू निर्विष कुठून होणार?

आपण कापूस पिकवणारी माणसे, म्हणून आपल्याच शेतातला दाखला देतो. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, सुरतच्या केंद्रातून १९७० साली आला. तेव्हापासून आपल्या तालुक्यात किती हायब्रीड वाण आले आणि गेले! बोंड मोठे झाले, उतारा वाढला. पण सरकीतले गॉसिपॉल नावाचे विष गेले का? नाही गेले. कारण संकर त्यासाठी केलाच नव्हता. म्हणून आजही वासरांना सरकी बेताने द्यावी लागते. हायब्रीड या शब्दाला आपल्याकडे 'सुधारलेले' असा अर्थ चिकटला आहे. काय सुधारले, हे विचारल्याशिवाय तो शब्द मान्य करू नये.

झाड आले, शहाणपण आले नाही

जगातल्या अनेक लोकांनी सायकस वर्गातील बिया खाल्ल्या आहेत, पण शिकून. केरळात 'ईंथ' नावाच्या स्थानिक सायकसच्या बिया वाळवून, पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवून, मग दळून खातात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी या बिया कित्येक दिवस पाण्यात ठेवतात. १७७० साली कॅप्टन कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा आदिवासींच्या वस्तीजवळ टरफले पाहून खलाशांना वाटले, हे खाण्याचेच फळ. बिया भाजण्या-भिजवण्याची रीत त्यांना कोण सांगणार? खाल्ल्या आणि वरून-खालून सुरू झाले. जहाजावरच्या डुकरांना त्या बिया दिल्या, तर त्यातली काही मेली. आमच्या गुरुजींच्या नातवाने केले ते याहून वेगळे काय होते?

रीत माहीत असलेल्यांवरही पाळी येते. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत, १९२० च्या दशकात, जपानच्या ओकिनावा बेटांवर अन्नाची एवढी टंचाई पडली की लोक सायकस खाऊ लागले. घाईत विष नीट न निघाल्याने माणसे मेली. त्या काळाला तिथे आजही 'सायकसचा नरक' म्हणतात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गुआम बेटावर मज्जासंस्थेचा एक भयंकर आजार १९५० च्या दशकात फार मोठ्या प्रमाणावर आढळला. तेथील लोक सायकसच्या बियांचे पीठ खात, म्हणून संशय त्या बियांवर गेला. विदर्भात लाखोळी डाळीने पाय लुळे पडण्याचा जो आजार होतो, त्याच्याशी शास्त्रज्ञांनी त्याची तुलनाही केली. संशय पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण तो पुसलाही गेलेला नाही.

माझे म्हणणे एवढेच की, आपल्या मातीतल्या विषारी झाडांबरोबर त्यांची ताकीदही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी तोंडात घालू नकोस, धोतऱ्याला हात लावलास तर हात धू, हे आपल्याला आजीने सांगितले. तरीही चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुले दवाखान्यात आल्याच्या बातम्या वरचेवर याच वर्तमानपत्रात येतात. मग ज्या झाडाबद्दल आजीलाच काही ठाऊक नाही, त्याची ताकीद कोण देणार? सायकस ट्रकमधून आले. त्याच्याविषयीचे शहाणपण त्या ट्रकमध्ये नव्हते. गावात ते कुणाकडेच नव्हते. डॉक्टरकडेही नव्हते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. झाड विकणाऱ्याने झाडाची पूर्ण ओळख करून दिली पाहिजे. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची खूण असते, औषधाच्या बाटलीवर 'मुलांपासून दूर ठेवा' असे छापलेले असते. कुंडीला 'हायब्रीड सायकस' अशी चिठ्ठी लावता येते, तर खाली 'बिया व पाने विषारी' हे तीन-चार शब्द लिहायला किती शाई लागते? गिऱ्हाईक पळेल, अशी भीती वाटत असेल तर ती उगाच आहे. खरे सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. आणि शाळा, अंगणवाड्या, बालोद्याने आणि दवाखाने यांच्या आवारात हे झाड लावूच नये. मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी प्रार्थनेनंतर आवारात एक फेरी मारावी.

यावर कोणी म्हणेल, मग कण्हेरही तोडा, धोतराही उपटा! तसे माझे म्हणणे नाही. सायकस हा पृथ्वीवरील अतिशय जुना वंश आहे, डायनोसॉरच्याही आधीचा. त्यातल्या पुष्कळ जाती आज नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. आपल्या सह्याद्रीतील जातीवरही ही वेळ आली आहे. गुरुजींनीही झाड तोडले नाही. भोवती जाळी लावली, आणि मादी गड्डा दिसला की बी धरण्याआधीच तो कापतात. हे मला पटते. झाडाचा जीव घेण्यापेक्षा त्याची रीत शिकणे चांगले.

काय करावे, काय करू नये

ज्यांच्याकडे सायकस आहे त्यांनी एवढे पाळावे. झाड जाण्या-येण्याच्या वाटेवर नको. त्याच्या पात्यांची टोके सुईसारखी असतात आणि नेमकी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. छाटताना जाड हातमोजे घालावेत. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून याचे मूळ कुजते, तेव्हा खड्ड्यात मुरूम आणि जाड वाळू घालावी, पाणी बेताने द्यावे. बुंध्याशी येणारी पिल्ले काढून दुसरीकडे लावली तर झाड वाढवता येते. पण पिल्लेही तेवढीच विषारी. काढलेल्या बिया आणि कापलेली पाने उकिरड्यावर टाकू नयेत, तिथे शेळ्या आणि कुत्री फिरतात. खोल खड्ड्यात पुराव्यात. लग्नाच्या मांडवात सायकसची पाने सजावटीला लावतात. कार्य उरकल्यावर ती गोठ्यात टाकू नयेत. आणि या झाडाचे शंकू, बिया पौष्टिक म्हणून कोणी चूर्ण करून विकत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

मुलाने बी खाल्ल्याची शंका जरी आली, तरी तोंडातले उरलेले काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. त्याने उलट अपाय होतो, मिठाच्या पाण्याने तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. दूध, तूप, लिंबू यांचे प्रयोग नकोत. त्रास होण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. सोबत बी किंवा पान न्यावे, निदान मोबाइलवर फोटो काढून न्यावा. आणि डॉक्टरांना 'साबुदाण्याचे झाड' असे सांगू नये, 'सायकस' हेच नाव सांगावे. डॉक्टर मंडळींनाही माझी विनंती आहे, अडचण पडल्यास विचारायला संकोच करू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून याचसाठी आहे. त्या रात्री मला विचारायचे सुचले नाही, कारण मला सारे माहीत आहे, असे मला वाटत होते.

तलवाड्याच्या ताईंना माझा सल्ला असा. नातवंडे मोठी होईपर्यंत ते झाड परत करा. बदल्यात मोगरा, जास्वंद, गुलाब घ्या. ताडासारखेच काही हवे असेल तर अरेका पाम घ्या. नर्सरीवाल्याशी भांडू नका. बहुधा त्यालाही कोणी सांगितलेले नसावे. हे कात्रण तेवढे त्याच्या हातात द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने ते दाखवले, तर एखाद्या आजीला आपल्या डॉक्टरला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.